राजांचा राजा आणि चमत्कारी बालक

बौद्ध विद्येला वाहिलेल्या नियतकालिकाने येशू ख्रिस्तावरील दूरचित्रवाणी मालिकेची चिकित्सा कशासाठी करावी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर एका वाहिनीच्या कार्यक्रमपत्रिकेत आहे. 'अँड टीव्ही' या हिंदी वाहिनीने डिसेंबर २०१९ मध्ये 'एक महानायक – डॉ. बी. आर. आंबेडकर' ही मालिका सुरू केली आणि वर्षभराने, डिसेंबर २०२० मध्ये, नाताळच्या तोंडावर 'येशू' ही मालिका सुरू केली. म्हणजे एकाच वाहिनीवर, सायंकाळच्या त्याच कौटुंबिक वेळात, रामजी सुभेदारांचा भीम आणि मरीयेचा येशू ही दोन बालके काही काळ शेजारी शेजारी वाढत होती. दोघांना घडविणारा साचा एकच असेल, तर ख्रिस्ताचे त्या साच्यात काय झाले हे पाहणे आपल्याही हिताचे आहे.

आम्ही हे कसबा पेठेत बसून लिहीत आहोत. पुण्याची ही सर्वांत जुनी वस्ती. येथे ग्रामदैवत मानला गेलेला कसबा गणपती आहे, शेखसल्ल्यांचे दर्गे आहेत, तांबट आळीचा ठोक्यांचा आवाज आहे, आणि याच पेठेत ब्रदर देशपांडे यांच्या नावाचे चर्चही आहे. ख्रिस्ती माणूस येथे परका नाही. तो शेजारी आहे, आणि महाराष्ट्रापुरते बोलायचे तर अनेकदा भावकीतलाही आहे. अहमदनगर आणि आसपासच्या प्रदेशात मिशनच्या काळात ख्रिस्ती झालेली बहुसंख्य कुटुंबे महार आणि मांग समाजांतील होती. एका भावाने मिशनची वाट धरली, दुसऱ्याच्या नातवंडांनी १९५६ मध्ये धम्मदीक्षा घेतली, अशी घराणी दुर्मीळ नाहीत. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात १९९० मध्ये दुरुस्ती झाली आणि बौद्धांना त्या सवलती मिळाल्या. ख्रिस्ती झालेल्या त्याच भावकीला त्या मिळाल्या नाहीत. म्हणून शेजाऱ्याच्या श्रद्धेची टवाळी करण्यासाठी हा लेख नाही. त्याच्या गुरूचे जे चित्र बाजाराने रंगविले, त्याविषयी तो आहे.

भारतीय पडद्याचा ख्रिस्ताशी संबंध फार जुना आहे, आणि तो एका मराठी माणसाच्या द्वारे जुळलेला आहे. दादासाहेब फाळके यांनी मुंबईच्या एका तंबूवजा चित्रगृहात ख्रिस्ताच्या जीवनावरील विलायती मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त सरकत असताना आपल्या मनश्चक्षूंपुढे कृष्ण आणि राम उभे राहत होते, असे त्यांनी पुढे १९१७ मध्ये 'नवयुग' मासिकातील लेखांत नमूद केले आहे. त्या ध्यासातून १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आला, आणि १९१९ साली 'कालियामर्दन', ज्यात फाळक्यांच्या कन्येने, मंदाकिनीने, बालकृष्णाची भूमिका केली. पौराणिक चित्रपट नावाचा जो प्रकार आपल्याकडे रुजला, त्याचे बीज ख्रिस्तपटात होते. बीज तेथून आले. झाड मात्र आपल्या मातीत वाढले, आणि त्याला फळ आले ते बाललीलांचे. नटखट, लोभस, सर्वज्ञ असे मूल. भाबडी, वत्सल माता. आणि त्या मुलाच्या जिवावर उठलेला दुष्ट. पुढे दूरचित्रवाणीने हे सूत्र दररोजच्या रतिबाला लावले.

'येशू' मालिका पाहताना शंभर वर्षांचे हे वर्तुळ पूर्ण झाल्यासारखे वाटते. ज्या ख्रिस्ताला पाहून फाळक्यांना कृष्ण आठवला, तो ख्रिस्त आता बालकृष्णाच्याच वेषांतराने परत आला आहे. वाहिनीने मालिकेची ओळख करून दिली ती एका विलक्षण परोपकारी बालकाची कथा म्हणून. विवान शाह हा बालकलाकार येशू झाला आणि सोनाली निकम मरीया. माता-पुत्राचे नाते हा मालिकेचा कणा, बालकाच्या मागावर असलेला सैतान हा तिचा खलनायक आणि चमत्कार हे तिचे इंधन. कलावंतांच्या परिश्रमांविषयी आमची तक्रार नाही. लहान मुलाकडून एवढा गंभीर भाव दिवसेंदिवस काढून घेणे सोपे नव्हे.

प्रश्न निवडीचा आहे. चार शुभवर्तमानांपैकी मार्क आणि योहान यांत येशूच्या बालपणाचा एक शब्दही नाही. मत्तयात जन्मकथा, हेरोदाची बालहत्या आणि मिसर देशात केलेले पलायन आहे. लूकमध्ये जन्म आहे आणि त्यानंतर एकच प्रसंग : बारा वर्षांचा मुलगा वल्हांडणाच्या सणानंतर यरुशलेमच्या मंदिरात मागे राहतो, आईबाप तीन दिवस शोधतात, आणि तो सापडतो तेव्हा गुरुजनांमध्ये बसून ऐकत आणि प्रश्न विचारत असतो. एवढेच. त्यानंतर तो थेट तिशीच्या सुमाराचा पुरुष म्हणून समोर येतो. मोठा होऊन त्याने काय केले यासाठीच ती पुस्तके लिहिली गेली. मालिकेने मात्र जेथे ग्रंथ मौन पाळतो तेथेच आपला मंडप घातला.

बालपणाच्या या रिकाम्या जागेचा मोह नवा नाही, हेही सांगितले पाहिजे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातच थोमाच्या नावावर येशूच्या बालपणीचे एक शुभवर्तमान प्रचारात आले होते. त्यातील बालक चिखलाच्या बारा चिमण्या करतो आणि टाळी वाजवून त्यांना उडवितो. खांद्याला धक्का मारून गेलेल्या मुलाला शाप देऊन ठारही करतो. लोकांना अशा कथा हव्याच असतात. चर्चने मात्र हा ग्रंथ आपल्या मान्य ग्रंथांत घेतला नाही. एका वाहिनीच्या कथाविभागापेक्षा प्राचीन चर्चची साहित्यिक जाण अधिक होती, असे म्हणावे लागते.

दैनंदिन मालिकेची गरज वेगळी असते, हे आम्ही जाणतो. आठवड्यातून पाच दिवस, अर्धा अर्धा तास, प्रत्येक भागाच्या शेवटी कोणीतरी संकटात हवे. तिशीतील सुतार गावोगाव फिरून दाखले सांगतो आहे, तर संकट कोठून आणणार? मूल मात्र सदैव संकटात ठेवता येते. मूल पडते, हरवते, आजारी पडते, त्याच्यावर कोणी खोटा आळ घेते, आई रडते, आणि पुढच्या भागात चमत्काराने सुटका होते. या यंत्रात कोणाचेही मूल घातले तरी तेच पीठ बाहेर येते.

आता चमत्कारांचा प्रश्न. ख्रिस्ताच्या चरित्रातून चमत्कार काढून टाका, अशी मागणी आम्ही करणार नाही. ती शुभवर्तमानांतच आहेत, आणि ख्रिस्ती माणसाच्या श्रद्धेचा तो भाग आहे. परंतु शुभवर्तमानांतील चमत्कार नीट वाचले तर ते कोणासाठी होतात हे ध्यानात येते : कुष्ठरोगी, आंधळे, रक्तस्रावाने बारा वर्षे पिडलेली आणि म्हणून अशुद्ध ठरलेली बाई. ज्यांना कोणी शिवत नव्हते त्यांना तो शिवतो. स्पर्श ही तेथील मोठी घटना आहे. शिवाय चमत्काराचे प्रदर्शन करायला तो स्पष्ट नकार देतो. परूशी चिन्ह मागतात, तो देत नाही. अरण्यात भुकेला असताना दगडांच्या भाकरी कर, मंदिराच्या कंगोऱ्यावरून उडी टाक, असे त्याला सुचविले जाते आणि तो ते नाकारतो. सुचविणारा कोण? सैतान. मार्क तर असेही सांगतो की, स्वतःच्या गावी, नासरेथात, लोकांनी अविश्वास दाखविला तेव्हा थोड्या रोग्यांना बरे करण्यापलीकडे त्याला तेथे काही करता आले नाही. ही नोंद शुभवर्तमानकाराने लपविली नाही, याचे आम्हांस नेहमीच अप्रूप वाटत आले आहे. मालिकेतील बालक मात्र सैतानावर मात करण्यासाठीच चमत्कार करतो. अरण्यात जी मागणी सैतानाची होती, ती येथे निर्मात्याची झाली आहे.

बौद्ध वाचकाला यावरून दीघनिकायातील केवट्ट सुत्त आठवल्याशिवाय राहणार नाही. नालंदेचा गृहपती केवट्ट तथागतांना विनवितो की, एखाद्या भिक्खूला चमत्कार करायला सांगा, म्हणजे नगरातील लोकांची श्रद्धा वाढेल. तथागत तीन प्रातिहार्ये सांगतात : ऋद्धीचे, परचित्त ओळखण्याचे आणि अनुशासनाचे. पहिल्या दोहोंत त्यांना दोष दिसतो, कारण अविश्वासू माणूस म्हणेल की ही तर गारुडविद्या आहे. तिसरे प्रातिहार्य, म्हणजे उपदेशाने माणसात होणारा पालट, तेच त्यांना मान्य आहे. आणि आपल्या बाजूचेही झाकून ठेवू नये. मज्झिमनिकायातील अच्छरियब्भुत सुत्तात बोधिसत्त्वाच्या जन्माचे अद्भुत वर्णन आहेच. आनंद ते एकेक करून सांगतो. ते सर्व ऐकून घेतल्यावर तथागत म्हणतात की, आणखी एक अद्भुत लक्षात ठेव : तथागताला वेदना, संज्ञा, वितर्क उत्पन्न होताना कळतात, टिकताना कळतात आणि मावळतानाही कळतात. जन्माच्या दंतकथेला याहून सभ्य उत्तर आमच्या वाचनात नाही. ते वाक्य कोणत्याही मालिकेला दाखविता येणार नाही, कारण त्यात दाखविण्यासारखे काही घडत नाही.

'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी हीच कसोटी पारंपरिक बुद्धचरित्राला लावली. एकोणतीस वर्षांच्या पुरुषाने तोवर म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहिलेच नव्हते, हे त्यांना पटले नाही. त्यांनी त्या जागी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात झालेला तंटा, शाक्यांच्या संघातील वाद, आणि युद्धाला विरोध करून सिद्धार्थाने स्वतः पत्करलेला देशत्याग आणला. योग आणि दैव यांच्या जागी निर्णय आणला. त्याच ग्रंथात ते दाखवून देतात की, ख्रिस्ताने स्वतःला देवपुत्र म्हटले, तर बुद्धाने आपल्या धम्मात स्वतःला काही स्थान ठेवले नाही. तो मार्गदाता, मोक्षदाता नव्हे. हा भेद आम्ही सोडत नाही. परंतु ख्रिस्ताला देवपुत्र मानणाऱ्यांनीही त्याला निर्णय घेणारा माणूस मानलेच होते, हे विसरता कामा नये. वधस्तंभाच्या आदल्या रात्री घाबरलेला, आपल्यावरून हे टळावे अशी प्रार्थना करणारा आणि तरीही न पळणारा पुरुष हा त्या ग्रंथांचा नायक आहे. सर्वशक्तिमान मुलाला घाबरण्याचे कारण उरत नाही, आणि म्हणून त्याच्या धैर्यालाही अर्थ उरत नाही.

सैतानाला एवढी मोठी भूमिका देण्याचा परिणाम आणखी एका ठिकाणी होतो. येशूला कोणी मारले? रोमन सुभेदार पिलाताच्या हुकमाने, रोमन शिपायांनी, रोमन पद्धतीच्या शिक्षेने. त्याला पकडून कोणी दिले? मंदिराच्या व्यवस्थेवर ज्यांचे पोट आणि मान अवलंबून होते त्या याजकांनी. त्याने सराफांचे चौरंग उलथले होते, जकातदारांच्या पंगतीला बसला होता, श्रीमंतांना अवघड वाटतील अशा गोष्टी बोलला होता. ही माणसे होती, त्यांचे हितसंबंध होते. काळ्या वस्त्रांतील एका अमानवी शक्तीला खलनायक केले की या सर्वांची सुटका होते. दोष समाजव्यवस्थेतून निघून आकाशात जातो. आपल्याकडे माराची कथा आहे. पण सुत्तनिपातातील पधान सुत्तात माराची सेना कोणती हे मोजून सांगितले आहे : काम, अरती, भूक-तहान, तृष्णा, आळस, भीती, संशय. मार तेथे माणसाच्या आतील आहे, म्हणून त्याच्याशी झुंज देता येते. मालिकेतील सैतान ना आतला, ना समाजातला.

ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहावासा वाटला, तो योहानाच्या चौथ्या अध्यायातील आहे. दुपारची वेळ आहे. प्रवासाने थकलेला येशू शोमरोनातील एका विहिरीपाशी बसला आहे. एक शोमरोनी स्त्री पाणी भरायला येते. यहुदी लोक शोमरोन्यांना हीन समजत. येशू तिच्याकडे पाणी मागतो. तिला आश्चर्य वाटते : तुम्ही यहुदी, मी शोमरोनी बाई, आणि माझ्याकडे पाणी मागता? शुभवर्तमानकार येथे खुलासा करतो की यहुदी शोमरोन्यांशी संबंध ठेवीत नसत. काही विद्वान मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ असा लावतात की ते एकमेकांची भांडी वापरीत नसत. भांडे! महाराष्ट्रातील वाचकाला या एका शब्दावर टीप लागत नाही. बौद्ध वाचकाला तर याच प्रसंगाचे दुसरे रूप तोंडपाठ आहे. दिव्यावदानातील शार्दूलकर्णावदानात तहानलेला आनंद पाणी भरणाऱ्या चांडालकन्येकडे, प्रकृतीकडे, पाणी मागतो. ती म्हणते, मी चांडाल आहे. तो म्हणतो, मी पाणी मागितले, जात नाही. बाबासाहेबांनी ही कथा आपल्या ग्रंथात घेतली आहे.

दोन्ही कथांत गुरू किंवा शिष्य चमत्कार करीत नाही. तो फक्त मागतो. देणारा हात वरचा मानला जाण्याच्या जगात तो घेणारा होतो, आणि त्या एका कृतीने शिवाशिवीची भिंत ढासळते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले, त्यामागे तहान हे कारण नव्हते, हे आपण जाणतो. विहीर, भांडे, पाणी यांच्या या इतिहासात ख्रिस्ताचा जो खरा प्रवेश आहे तो या दुपारचा आहे, आणि भारतीय प्रेक्षकाला त्याची किंमत जगातील अन्य कोणत्याही प्रेक्षकापेक्षा अधिक कळली असती. भारतात, हिंदीत, सामान्य कुटुंबांसाठी ख्रिस्तावर मालिका करणाऱ्याने या विहिरीपासूनच सुरुवात करायला हवी होती. त्याऐवजी परोपकारी बालकाचे अद्भुत सामर्थ्य हाच मालिकेचा आरंभ आणि आधार ठरला.

(येथे एक जुना गैरसमज दूर केलेला बरा. दोन कथांचे साम्य पाहून आपल्यातील काही उत्साही लेखक लगेच म्हणतात की येशू हिंदुस्थानात येऊन बौद्ध विहारांत शिकला होता. या समजाचा उगम निकोलस नोतोविच याच्या १८९४ च्या पुस्तकात आहे, आणि त्याचा पुरावा त्याच काळात मॅक्स म्युलर यांच्यासारख्या पंडितांच्या छाननीत टिकला नाही. तथागतांची थोरवी सिद्ध करण्यासाठी अशा उसन्या साक्षीदाराची गरज नाही.)

परक्या मातीतील गुरूला आपल्या वाङ्मयाच्या रूपात आणणे हेच चूक, असे आमचे म्हणणे नाही. तसे असते तर मराठीतील फार मोठा ठेवा टाकून द्यावा लागेल. इंग्लंडात जन्मलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात राहून ख्रिस्तपुराण रचले आणि ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात स्वर्गाला वैकुंठ म्हटले आहे, पुराणाचा थाट पूर्णपणे स्वीकारला आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी 'ख्रिस्तायन' आरंभिले आणि ते अपुरे ठेवून १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले; ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी. या दोघांनी भाषा आणि घाट आपल्याकडून घेतला, परंतु वधस्तंभ गाळला नाही. त्यांचा ख्रिस्त मोठा होतो, बोलतो, विरोध ओढवून घेतो आणि मरतो. ओवी त्यांनी वाहन म्हणून घेतली. मालिकेच्या बाबतीत वाहनच प्रवाशाला हाकते आहे.

याचीच दुसरी बाजू पाहण्यासाठी २०१३ सालात जावे लागेल. त्या वर्षी झी टीव्ही आणि दूरदर्शनवर भगवान बुद्धांवरील हिंदी मालिका आली. हिमांशु सोनी यांनी सिद्धार्थाची भूमिका केली. तिचे नाव होते 'बुद्धा – राजाओं का राजा'. या उपपदाकडे थोडे थांबून पाहावे. ज्याने सत्ता सोडली, ज्याच्या शाक्यांत मुळात संघाच्या विचाराने कारभार चाले, ज्याने आपल्या मागे कोणी वारस नेमला नाही आणि धम्मच शास्ता म्हटला, त्याला राजांचा राजा! शिवाय ही उपाधी आली कोठून? बायबलच्या अखेरच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, ती विजयी ख्रिस्ताला दिलेली आहे. म्हणजे दूरचित्रवाणीने अदलाबदल केली आहे : ख्रिस्ताची पदवी बुद्धाला चिकटविली आणि कृष्णाचे बालपण ख्रिस्ताला दिले. पौराणिक कोठारात सर्व वेष एकाच पेटीत असतात, हाताला येईल तो कोणालाही चढविता येतो. बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचे न मानण्याची प्रतिज्ञा बाबासाहेबांनी दीक्षाभूमीवर का घ्यायला लावली, हे अशा वेळी नव्याने कळते. अवतार हा केवळ तात्त्विक सिद्धान्त नाही. ती गोष्ट सांगण्याची पद्धत आहे, आणि विष्णूचे नाव न घेताही ती चालू राहू शकते.

सर्वच कल्पनारम्य मालिका इतक्या भाबड्या असतात असे नाही. नील गेमन यांच्या २००१ च्या कादंबरीवर आधारलेली 'अमेरिकन गॉड्स' ही मालिका २०१७ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाली. तिची कल्पना अशी की, स्थलांतरितांनी आपापले देव अमेरिकेत आणले, आणि देव जगतात ते त्यांना मानणाऱ्यांच्या श्रद्धेवर. श्रद्धा आटली की देव खंगतात. तिच्या एका भागात मेक्सिकोचा ख्रिस्त सीमेवरील नदी ओलांडणाऱ्या गरीब माणसांबरोबर आहे. बुडणाऱ्याला तो हात देतो, पाण्यावरून चालत येतो, आणि पलीकडच्या काठावर बंदूकधारी त्याला त्या माणसांसह गोळ्या घालतात. त्याच वर्षी जून महिन्यात दाखविलेल्या पहिल्या पर्वाच्या अखेरच्या भागात वसंतदेवता ईस्टर हिच्या घरी मेजवानी आहे आणि तेथे अनेक ख्रिस्त जमले आहेत : निरनिराळ्या वर्णांचे, निरनिराळ्या पंथांचे, ज्याने जसा पाहिला तसा. त्यांतील मुख्य ख्रिस्त (नट जेरेमी डेव्हिस) पोहण्याच्या तलावात पाण्याच्या पृष्ठभागावर बसलेला असतो. तो हातातील पेला सहज पाण्यावर ठेवतो आणि पेला बुडतो. स्वतःला तोलून धरणारी शक्ती पेल्याला तोलत नाही. आपला सण मुळात यजमानीणबाईंचा होता, हे कळल्यावर तो बिचारा ओशाळतो.

या मालिकेत थट्टा आहे, आणि श्रद्धाळू ख्रिस्ती माणूस दुखावला गेला तर नवल नाही. तरीही ती एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडते : ख्रिस्ताच्या प्रतिमा माणसांनी, आपापल्या गरजेप्रमाणे घडविल्या आहेत. देवही कारणांवर अवलंबून आहेत आणि कारणे संपली की संपतात, ही कल्पना बौद्ध वाचकाला परकी वाटणार नाही. तिची मर्यादा दुसरीकडे आहे. इतके ख्रिस्त जमविल्यावरही मुख्य ख्रिस्त गोरा, कृश आणि लांब केसांचाच राहतो. सावळे ख्रिस्त भोवती बसतात. आणि गोळी लागून मरतो तो मेक्सिकोचा. गरिबांचा ख्रिस्त नदीकाठी मरतो आणि श्रीमंतांचा मेजवानीत ओशाळतो, हे दिग्दर्शकांना दिसले असेल तर ते फार तीक्ष्ण आहे; न दिसता घडले असेल तर अधिकच.

आपल्याकडचा ख्रिस्त मात्र नदीकाठापर्यंत पोहोचतच नाही. तो खेळण्याच्या वयातच अडकून आहे.

आता 'महानायक' मालिकेकडे वळले पाहिजे, कारण तेथे न्याय करताना सावध राहावे लागते. तीही मालिका बाल भीमरावापाशी दीर्घकाळ रेंगाळली. आयुध भानुशाली या बालकलाकाराने तो भीम घरोघरी पोहोचविला. परंतु येशूच्या बालपणाविषयी ग्रंथ मौन आहे, आणि भीमाच्या बालपणाविषयी स्वतः बाबासाहेब बोलले आहेत. शाळेत बसायला घरून नेलेले गोणपाट, शिपाई नसेल तर पाणी नाही ही रीत, १९०१ च्या सुमारास वडिलांना भेटायला निघालेल्या भावंडांना रात्रभर न मिळालेले पाणी, हे सारे त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. येथे बालपण हाच पुरावा आहे. त्या पुराव्यावर मालिका उभी राहते तेव्हा ती खरी असते, आणि खेड्यापाड्यांतील असंख्य घरांत तिने ते काम केले हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. ती ढळते ते तेथे, जेथे दररोजचा भाग भरण्यासाठी एखादा कारस्थानी शेजारी किंवा दुष्ट सावकार पुढे करून अस्पृश्यता ही त्याची वैयक्तिक खोड असल्यासारखी दाखविली जाते. वाईट माणूस सुधारला की प्रश्न सुटला! शिपायाने पाणी दिले नाही कारण तो क्रूर होता, असे बाबासाहेबांनी लिहिलेले नाही. तो कधी हजर नसे. आणि त्याच्यावाचून पाणी मिळू नये अशी व्यवस्था होती. मालिकांना क्रूर शिपाई हवा असतो. हजर नसलेला शिपाई कोणत्याही पटकथेत बसत नाही.

जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी'त (१८७३) ख्रिस्ताला बळीराजाच्या परंपरेत बसविले, ते त्याच्या बाललीलांमुळे नव्हे, तर तो दीनदुबळ्यांच्या बाजूने उभा राहिला म्हणून. मिशनच्या शाळेत शिकलेल्या या माणसाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही, आणि ख्रिस्ताला टाकलेही नाही. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त एका घराचे चित्र आहे. त्या घरातील स्त्रीने बौद्ध ग्रंथ वाचून वाटल्यास बौद्ध व्हावे, तिच्या पतीने बायबल वाचून ख्रिस्ती व्हावे, मुलीने कुराण वाचून मुसलमान व्हावे, मुलाने सत्यधर्मी व्हावे, आणि सर्वांनी एकमेकांचा द्वेष न करता एका छपराखाली नांदावे. त्या घरात प्रत्येक जण वाचतो, पारखतो आणि मग ठरवितो. कोणीही जन्मतः अद्भुत नाही, आणि सैतानालाही तेथे काही काम नाही. स्वयंपाकघरात कोणते वाद होत असतील, सण कसे ठरत असतील, मुलीच्या लग्नात काय होईल, याची मात्र कल्पना करता येते. गंज पेठेत राहणाऱ्या जोतीरावांनी कल्पिलेल्या त्या घरावर आजवर एकाही वाहिनीने मालिका काढलेली नाही.